एकही तबकडी बाद न करणारी कंपनी : फोकवेज रेकॉर्ड्सची पंचाहत्तर वर्षे

‘फोकवेज रेकॉर्ड्स अँड सर्व्हिस कॉर्पोरेशन’ ही कंपनी १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली, तेव्हा कागदोपत्री तिच्या अध्यक्ष होत्या मॅरियन डिस्टलर. ज्यांच्या डोक्यातून ती निघाली ते मोझेस ॲश नावापुरते सल्लागार होते. ॲश यांचे नुकतेच दिवाळे निघाले होते आणि स्वतःच्या नावाने पुन्हा रेकॉर्डचा धंदा मांडणे त्यांना शक्य नव्हते. डिस्टलरबाई त्यांच्या आधीच्या कंपनीत सचिव होत्या. मालकाचा धंदा बुडाल्यावर दुसरी नोकरी शोधायची सोडून त्यांनी नवी कंपनी आपल्या नावावर घेतली. फोकवेजच्या इतिहासात ॲश यांचे नाव पानोपानी येते आणि ते योग्यच आहे. पण या बाईंनी ती सही केली नसती तर पुढचे काहीच घडले नसते, हे आरंभीच नोंदवायला हवे.

१९४८ पासून ॲश यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८६ पर्यंत, या कंपनीने २,१६८ रेकॉर्ड काढल्या. सरासरी धरली तर आठवड्याला एकीहून जास्तच. त्यांत गाणी होती, वाद्ये होती, कविता होत्या, भाषणे होती, बेडूक होते, आगगाड्या होत्या. यांतली एकही रेकॉर्ड कंपनीने आपल्या यादीतून कधी काढून टाकली नाही. वर्षाला तिच्या दोन प्रती खपोत की शंभर, मागणी आली की रेकॉर्ड मिळणार. माझ्या मते फोकवेजचे खरे मोठेपण या एका नियमात आहे. तिने कोणकोणते कलावंत पुढे आणले याची यादी मोठी आहे आणि ती ठिकठिकाणी वाचायला मिळते. तो नियम कसा सुचला, कसा पाळला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र तिच्या इतिहासातच शोधावे लागते.

मोझेस ॲश यांचा जन्म २ डिसेंबर १९०५ रोजी वॉर्सात झाला. वडील शोलेम ॲश हे यिडिश भाषेतले नामवंत कादंबरीकार. कुटुंब युरोपात फिरत फिरत पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला पोहोचले. तरुणपणी मोझेस रेडिओतंत्र शिकायला जर्मनीला गेले. वर्गात निरनिराळ्या देशांची मुले होती. प्रत्येकाला आपापल्या लोकगीतांचा अभिमान. अमेरिकेला कसले आले लोकसंगीत, असे ती म्हणत. सुट्टीत पॅरिसला गेले असताना ॲश यांना जॉन लोमॅक्स यांचा गुराख्यांच्या गीतांचा संग्रह मिळाला. १९१० साली निघालेले ते पुस्तक म्हणजे सहाध्याय्यांच्या टोमण्याला मिळालेले छापील उत्तर होते. हा प्रसंग ॲश पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकले, सभांसाठी ध्वनिक्षेपक बसवले, ‘डब्ल्यूईव्हीडी’ या यिडिश श्रोत्यांत लोकप्रिय असलेल्या केंद्राला यंत्रसामग्री पुरवली. त्या केंद्राला यिडिश गाण्यांच्या रेकॉर्ड हव्या होत्या आणि बाजारात त्या पुरेशा मिळत नव्हत्या. तेव्हा ॲश स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागले. पुढच्या सगळ्या उद्योगाचा उगम अशा साध्या व्यावहारिक गरजेत आहे. वडिलांबरोबर ते प्रिन्स्टनला आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे भाषण मुद्रित करायला गेले होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. काय करतोस, असे आइन्स्टाइन यांनी विचारल्यावर ॲश यांनी मनातला बेत सांगितला : जगातले आवाज साठवायचे. आइन्स्टाइन यांनी तो उचलून धरला, असे ॲश सांगत. त्या भेटीला दुसरा साक्षीदार म्हणजे त्यांचे वडीलच. पण ॲश यांनी बोलून दाखवलेला बेत पुढे खरा करून दाखवला हे तर उघडच आहे.

‘ॲश रेकॉर्ड्स’ या नावाने काढलेल्या सुरुवातीच्या रेकॉर्ड यिडिश होत्या. १९४१ मध्ये लेड बेली त्यांच्याकडे आले. लुइझियानाचे हे कृष्णवर्णीय गायक बारा तारांची गिटार वाजवत. टेक्सास आणि लुइझियानाच्या तुरुंगांत त्यांनी वर्षे काढली होती. ॲश यांनी त्यांची पहिली रेकॉर्ड काढली ती मुलांच्या खेळगाण्यांची. खुनाची शिक्षा भोगलेला माणूस मुलांसाठी गातो, यावरून वृत्तपत्रांत गवगवा झाला आणि त्याने छोट्या कंपनीचे नाव षट्कर्णी झाले. लेड बेलींकडे शेतातली, तुरुंगातली, बायकामुलांत गायची शेकडो गाणी होती. मोठ्या कंपन्यांना त्यांचे ‘ब्लूज’ तेवढे हवे होते. ॲश यांना सगळेच हवे होते.

महायुद्ध आले आणि लाखेचा तुटवडा सुरू झाला. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत आणि ती लाख प्रामुख्याने आपल्या देशातून, बिहार-बंगालकडच्या जंगलांतून जाई. युद्धामुळे जहाजवाहतूक अडली, अमेरिकी सरकारने लाखेवर कडक निर्बंध घातले. छोट्या कंपन्यांच्या वाट्याला जवळजवळ काही उरले नाही. हर्बर्ट हॅरिस यांच्या ‘स्टिन्सन’ कंपनीकडे लाखेचा कोटा होता पण मुद्रणे नव्हती. ॲश यांच्याकडे मुद्रणे होती पण लाख नव्हती. दोघांनी भागीदारी केली. युद्ध संपताच ती मोडली आणि तीच गाणी दोघेही आपापल्या नावाने विकत बसले, पण त्या तडजोडीमुळे १९४४ सालचा सुवर्णकाळ हाती लागला. त्या वर्षी एप्रिलमध्ये लोकगायक वुडी गथ्री ॲश यांच्या छोट्या स्टुडिओत आले. व्यापारी जहाजावर खलाशी होते, मधल्या सुट्टीत आले होते. मित्र सिस्को ह्यूस्टन यांना घेऊन त्यांनी थोड्या दिवसांत दीडशेच्या वर गाणी ध्वनिमुद्रित केली. अमेरिकेत आज शाळाशाळांतून गायले जाणारे त्यांचे ‘धिस लँड’ही त्याच वर्षी मुद्रित झाले. अमुकच गा असे ॲश यांनी सांगितले नाही. दार उघडे होते, यंत्र चालू होते.

युद्धानंतर ‘डिस्क कंपनी ऑफ अमेरिका’ काढून ॲश यांनी मोठी उडी घेतली. जॅझ घेतले, महागडी चित्रे छापली, जॅझचे निर्माते नॉर्मन ग्रँट्झ यांच्याबरोबर काम केले. मग नॅट किंग कोल यांची नाताळची रेकॉर्ड मोठ्या खर्चाने काढली आणि ऐन मोक्यावर हिमवादळात माल अडकून नाताळ निघून गेला, असे ॲश सांगत. कर्ज मोठे होते आणि कंपनी बुडाली. त्यातून ॲश यांनी घेतलेला धडा फोकवेजच्या पायात आहे : पुन्हा कधीही एका रेकॉर्डच्या खपावर धंदा टांगायचा नाही.

फोकवेजचा कारभार या धड्यावर बेतला होता. नवी रेकॉर्ड काढायची ती काहीशे प्रतींची. ग्रंथालये, शाळा, विद्यापीठे यांच्याकडून तेवढी मागणी नक्की येते, आणि ती वर्षानुवर्षे येत राहते. वेष्टन सगळ्या रेकॉर्डना एकच : जाड, काळ्या पुठ्ठ्याचे. त्यावर त्या-त्या रेकॉर्डचा छापील कागद चिकटवायचा, आत माहितीपुस्तिका सरकवायची. काळा पुठ्ठा घाऊक भावाने येई, कागद थोडेच छापावे लागत आणि गोदामात पैसा अडकून पडत नसे. रोनाल्ड क्लाइन या कलावंताने या बंधनातून एक शैली घडवली. दोन रंग, खरखरीत कागद, एखादे जुने खोदचित्र किंवा छायाचित्र, आणि नेटकी अक्षरे. तीस वर्षांत त्यांनी पाचशेच्या वर वेष्टने केली. दुरूनही रेकॉर्ड ओळखू यावी अशी. काटकसर आणि सौंदर्य इतके एकजीव झालेले मी छपाईच्या कामात फार कमी पाहिले आहे.

माहितीपुस्तिकेबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. प्रत्येक रेकॉर्डबरोबर ध्वनिमुद्रण कुठे झाले, कोण गाते आहे, वाद्य कोणते, गाण्याचा अर्थ काय, हे सांगणारी पाने असत. कधी सुबक, कधी टंकलेखनाची पाने तशीच छापलेली. ॲश यांना नुसता आवाज विकायचा नव्हता. जगभरातून मानववंशशास्त्रज्ञ, शिक्षक, प्रवासी त्यांच्याकडे टेप घेऊन येत. कोलिन टर्नबुल यांनी काँगोतल्या इतुरी अरण्यातले गायन आणले. हॅरल्ड कोरलँडर यांच्या संपादनाखाली जगातल्या लोकसंगीताची मालिका उभी राहिली. त्यांनी हैती आणि अलाबामातून स्वतः मुद्रणे केली. भारतात राहून इथले संगीत अभ्यासणारे आलँ दानिएलू यांचा भारतीय धार्मिक संगीताचा संच १९५२ साली याच मालिकेत आला. एलपी तबकडी नुकतीच, १९४८ मध्येच, बाजारात आली होती. लाखेच्या तबकडीत एका बाजूला तीन-चार मिनिटे मावत. एलपीवर वीसहून अधिक. लांबलचक विधी, संथ आलापी, बोलत बोलत गायलेले गाणे आता अखंड ऐकता येऊ लागले. फ्रेडरिक रॅम्झी यांनी १९४८ च्या शरदात लेड बेली यांना आपल्या घरी बसवून टेपवर जे मुद्रण केले, त्यात गाण्यांच्या मधल्या गप्पाही आहेत. लेड बेली पुढच्याच वर्षी वारले. ती ‘लास्ट सेशन्स’ १९५३ मध्ये निघाली. गायक कसा विचार करत एका गाण्यातून दुसऱ्यात जातो हे ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी ती जरूर ऐकावी.

यादीतल्या इतर नोंदी वाचताना माणूस थक्क होतो. चार्ल्स बोगर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने गोळा केलेले उत्तर अमेरिकेतल्या बेडकांचे आवाज (१९५८). कचेरीतले आवाज आणि भंगारवाड्यातले आवाज (दोन्ही १९६४). स्वरयंत्र काढून टाकल्यावर माणूस कसा बोलू शकतो, याची रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी केलेली रेकॉर्ड. जॉन केज यांची ‘इनडिटर्मिनसी’ (१९५९). डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी स्वतः सांगितलेले आत्मवृत्त (१९६१). एला जेन्किन्स यांची मुलांसाठीची पहिली रेकॉर्ड १९५७ ची. त्यात बाई एक ओळ म्हणतात आणि मुले ती परत म्हणतात, एवढेच. पुढे त्याच कंपनीच्या सर्वाधिक खपाच्या कलावंत ठरल्या. शब्दकोशातले एखादे अक्षर कमी लागते म्हणून ते कोणी गाळत नाही, असे ॲश आपल्या यादीबद्दल म्हणत. यादी त्यांच्या लेखी कोश होती. आणि कोशाला रद्दी नसते.

१९५२ हे साल फोकवेजच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे. २९ वर्षांचे हॅरी स्मिथ जुन्या रेकॉर्डचा संग्रह विकायला ॲश यांच्याकडे आले. चित्रकार, चित्रपटकार, गूढविद्येचे अभ्यासक असलेल्या या माणसाजवळ १९२७ ते १९३२ या काळातल्या तबकड्या होत्या. त्या काळी कंपन्यांनी दक्षिणेतल्या डोंगराळ भागांत, कापसाच्या मुलखात गवय्यांना गाठून त्या केल्या, आणि मंदीच्या लाटेत यादीतून काढूनही टाकल्या. ॲश यांनी स्मिथना सांगितले की विकू नका, यातून निवड करा. तीन भाग, सहा एलपी, ८४ गाणी : ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. स्मिथ यांनी गायक गोरा की काळा हे कुठेही लिहिले नाही. वंशभेद पाळणाऱ्या अमेरिकेत ती मोठीच गोष्ट होती. पुस्तिकेत प्रत्येक गाण्याचा सारांश त्यांनी वृत्तपत्राच्या मथळ्यासारखा एका ओळीत दिला.

हे सारे ध्वनिमुद्रण दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीचे होते आणि फोकवेजने परवानगी घेतलेली नव्हती. कायद्याने ते चूक होते. मूळ मालकांनीच ती गाणी बाजारातून काढून घेतली आहेत, मग लोकांनी ती ऐकायचीच नाहीत का, असा ॲश यांचा युक्तिवाद होता. मला तो पटतो, आणि तरीही त्या गवयांना त्या काळी त्यातून पैसा मिळाला नाही हे विसरता येत नाही. त्यांतले काही जण हयात होते. मिसिसिपी जॉन हर्ट यांना संशोधकांनी १९६३ साली शोधून काढले आणि म्हातारपणी त्यांची पुन्हा मैफली गाण्याची सोय झाली. बॉब डिलन यांच्या पिढीने तर हा संच पाठ केला. आपल्याकडेही जुन्या गवयांच्या कित्येक तबकड्या आज ऐकायला मिळतात त्या हौशी संग्राहकांच्या कपाटांमुळे. संग्राहकाने जपले आणि कंपनीने छापले, असा योग मात्र क्वचित जुळतो.

पन्नासच्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टविरोधी चौकश्यांचे वारे होते. लोकगायक पीट सीगर यांना १९५५ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे केले गेले. पुढे खटला झाला, १९६१ मध्ये शिक्षा ठोठावली गेली, १९६२ मध्ये ती रद्द झाली. दूरचित्रवाणीचे दरवाजे त्यांना बंद होते. त्या सगळ्या काळात फोकवेज त्यांच्या रेकॉर्ड काढत राहिली. कॉलेजांत, उन्हाळी शिबिरांत त्या वाजत. दक्षिणेत नागरी हक्कांची चळवळ पेटल्यावर गाय कॅरवान यांनी तिथल्या तरुणांचे गायन-बोलणे मुद्रित केले आणि नॅशव्हिलमधल्या धरणे-आंदोलनाची रेकॉर्ड १९६० साली, ‘वुई शॅल ओव्हरकम’ १९६१ साली फोकवेजवर आली. त्याच गाण्याचे हिंदी रूप ‘हम होंगे कामयाब’ महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर आपण सगळेच म्हणत आलो आहोत. 

आता कडू भाग. ॲश कलावंतांना हातावर थोडी रोख रक्कम देत, मानधनाचा हिशेब अनियमित असे, आणि तक्रार केली की ते संतापत. गायकांत त्यांच्याबद्दल नाराजी होती आणि ती निराधार नव्हती. जी कंपनी काहीशे प्रतींवर जगते ती मोठी रक्कम देऊ शकत नाही हे खरे. पण हिशेब नीट ठेवायला पैसा लागत नाही. एकही रेकॉर्ड बाद न करण्याच्या नियमाची किंमत ॲश यांनी अर्ध्या आयुष्याच्या काळजीने मोजली. उरलेली कलावंतांनी मोजली. वुडी गथ्री, लेड बेली यांच्यासारख्यांना त्यांनी अडीअडचणीला मदतही केली. त्यामुळे दुसऱ्या कोणाचे देणे फिटत नाही. साठच्या दशकात एमजीएमच्या ‘व्हर्व्ह’ या रेकॉर्ड कंपनीशी करार करून पाहिला, शाळांची पुस्तके काढणाऱ्या ‘स्कोलॅस्टिक’शीही. मोठ्या कंपन्यांच्या तालावर ॲश यांना चालता आले नाही. १९६४ मध्ये मॅरियन डिस्टलर वारल्या, आणि तेव्हापासून कचेरीतला एक भक्कम खांब कमी झाला तो कायमचा.

ऐंशीच्या दशकात ॲश थकले होते. आपल्यानंतर यादीचे काय, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता. विकत घ्यायला कोणीही आले असते, पण खपणाऱ्या शंभर रेकॉर्ड ठेवून बाकीच्या गोदामात टाकल्या असत्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले राल्फ रिन्झलर त्यांच्याशी बोलणी करू लागले. हे रिन्झलर तसे फोकवेजच्या घरचेच. १९६० मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या एका वादनस्पर्धेत त्यांना क्लॅरेन्स ॲशली भेटले; हॅरी स्मिथच्या संचात ज्यांचे जुने गाणे होते तेच. त्यांच्या नव्या मुद्रणाच्या निमित्ताने रिन्झलर यांना गिटारवादक डॉक वॉटसन सापडले, आणि ती रेकॉर्ड १९६१ मध्ये फोकवेजनेच काढली. म्हणजे संचाने घडवलेला माणूस संच सांभाळायला पुढे आला. बोलणी चालू असतानाच १९ ऑक्टोबर १९८६ रोजी ॲश यांचे निधन झाले. १९८७ मध्ये कुटुंबीयांनी संग्रह स्मिथसोनियनच्या स्वाधीन केला. अट एकच : सर्व २,१६८ रेकॉर्ड कायम उपलब्ध राहिल्या पाहिजेत, खपोत वा न खपोत. सरकारी संस्थेला अशी अट मान्य करायला लावणे ही ॲश यांची शेवटची, आणि मला वाटते सर्वांत मोठी कामगिरी.

खर्चाची सोय १९८८ च्या ‘फोकवेज : अ व्हिजन शेअर्ड’ या रेकॉर्डने झाली. डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, यू-टू अशांनी गथ्री आणि लेड बेली यांची गाणी गायली. पहिले संचालक झाले अँथनी सीगर, पीट यांचे पुतणे आणि ब्राझीलच्या आदिवासींच्या संगीतावर काम केलेले अभ्यासक. अट पाळायची म्हणजे काय हे त्यांच्या काळात ठरले. मागणी आली की मूळ टेपवरून एकेक कॅसेट तयार करून द्यायची. मग कॅसेटच्या जागी सीडी. २००५ पासून महाजालावर सगळे काही. पुस्तिकाही जशाच्या तशा, विनामूल्य. हॅरी स्मिथ यांना १९९१ मध्ये ग्रॅमी सन्मान मिळाला, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते वारले; त्यांचा संच १९९७ मध्ये सीडीवर आला.

महाजालावरच्या त्या उपक्रमात दक्षिण आफ्रिकेतल्या ‘इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक’बरोबर भारतातले ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ सहभागी झाले. या केंद्राची सुरुवात १९८२ साली पुण्यात झाली. पुढे ते दिल्लीकडे हलले. आपल्या मुलखातल्या श्रोत्याला फोकवेजशी जोडणारा हा दुवा कमी लोकांना ठाऊक आहे.

पुढे इतर छोट्या कंपन्याही आपापले संग्रह घेऊन स्मिथसोनियन फोकवेजच्या आसऱ्याला आल्या. बार्बरा डेन आणि अर्विन सिल्बर यांची ‘पॅरेडॉन’ आली. सिल्बर हे एके काळी ॲश यांच्याच कचेरीत काम केलेले. २०१६ मध्ये क्रिस स्ट्रॅकविट्झ यांची ‘आर्हूली’ आली. युनेस्कोची पारंपरिक संगीताची मालिकाही आली, तिच्यातल्या पूर्वी न निघालेल्या ध्वनिमुद्रणांसह. नव्या रेकॉर्ड निघतच आहेत. २०१९ मध्ये रिॲनन गिडन्स आणि त्यांच्या तीन सहकारी कृष्णवर्णीय गायिकांनी बँजो हाती घेऊन गुलामगिरीच्या काळातल्या स्त्रियांची गाणी रचली, ती ‘साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स’ याच नाममुद्रेखाली आली. २०२३ मध्ये संस्थेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा संचालकपदी मॉरीन लॉफ्रन होत्या, आणि १९५८ च्या बेडकांची रेकॉर्डही विक्रीच्या यादीत होती.